बुडालेल्या माणसाचा दगड कुठं बसवायचा?

शापूरचा_म्हातारा
नमस्कार मंडळी, मी बेळगावच्या शहापूरचा. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहालोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मे महिन्यात थोरल्या पोराकडं साउदम्प्टनला जाऊन आल्लो. तो ऑफिसला गेला की मी मोकळाच, म्हणून रोज चालत हिंडायचो. पहिल्याच दिवशी एका बागेत मोठं स्मारक दिसलं, वर पंख असलेली ब्राँझची बाई आणि खाली दगडात कोरलेले इंजिनवाले. जवळ जाऊन वाचलं तर टायटॅनिकच्या इंजिनिअर लोकांचं. ३५ जण होते, एकही वाचला नाही. १९१४ च्या एप्रिलमध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा लाखभर माणूस जमला होता म्हणे. मग मी शोधतच सुटलो. पडक्या चर्चच्या आत खलाशी, कोळसेवाले आणि वाढप्यांचं कारंजं. बँडवाल्यांची वेगळी पाटी. पोस्टाचे पाच कर्मचारी होते बोटीवर, त्यांचीसुद्धा पाटी आहे, आणि ती टायटॅनिकच्या स्पेअर पंख्याच्या धातूची केलीय. त्या एका गावातली पाचशेवर माणसं त्या बोटीवर मेलेली. गल्लीगल्लीत एकेक घर म्हणा की.

आता माझं सांगतो. माझे आजोबा रामदास बोटीत गेले. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. मुंबईला गिरणीत होते, सुट्टी होती म्हणून दोस्ताबरोबर त्याच्या गावाला अलिबागकडं निघालेले. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली, रेवसला जायची, आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. आजोबा सापडले नाहीत.

आजीनं बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. मग भटजींनी समजावून पळसाच्या पानांचा माणूस करून विधी केला. त्याची राख मलप्रभेत सोडली. म्हणजे आमच्याकडं ना समाधी ना फोटो ना दगड. दिव्यांच्या आवसेला आजी एक दिवा घराबाहेर पायरीवर ठेवायची, समुद्राकडं तोंड करून, म्हणजे तिच्या हिशेबानं आंबोलीच्या दिशेला.

परवा अमावस्येला मी तो दिवा ठेवला आणि मनात आलं, खानापूरकडं आमचं थोडं शेत आहे, तिथं एक दगड बसवावा. घरात दोन पक्ष झालेत. धाकटा भाऊ म्हणतो जिथं माणूस गेला तिथं स्मारक पाहिजे, हितं डोंगरात बोटीचं स्मारक म्हणजे येड्यागत दिसंल. तुम्हाला काय वाटतं?

गणपतगल्लीकर
काका पहिल्यांदा बसवा, मग विचारा. आपल्याकडं विचारून केलेलं एकही काम झाल्यालं मी बघितलं नाही.

अनगोळची_लेक
काका, वाचून गलबलून आलं. मी कॅनडात हॅलिफॅक्सला असते, सात वर्षं झाली. टायटॅनिकची प्रेतं आणायला इथूनच बोटी गेल्या होत्या, आणि इथल्या तीन स्मशानात मिळून दीडशे जण पुरलेत. त्यातले १२१ एकट्या फेअरव्ह्यूला. उतारावर छोटेछोटे करडे दगड, ओळी अशा वळवल्यात की वरून बोटीच्या नाळेसारख्या दिसतात. बऱ्याच दगडांवर नाव नाही, नुसता नंबर आणि तारीख, १५ एप्रिल १९१२. ज्या क्रमानं प्रेत सापडलं तो नंबर.

एका दगडावर जे. डॉसन लिहिलंय, नंबर २२७. तो बिचारा कोळसा वाहणारा कामगार. पण १९९७ चा पिक्चर आल्यापासून पोरी त्याच्यावर फुलं आणि सिनेमाची तिकिटं ठेवून रडतात, हिरोचं नाव जॅक डॉसन होतं म्हणून. माझ्या सासूबाई आल्या होत्या त्यांनीपण हात जोडले. मी सांगितलं, आई हा तो नव्हे. त्या म्हणाल्या असू दे गं, कुणीतरी होताच की.

आणि एक लहान मूल आहे. प्रेतं आणायला गेलेल्या बोटीवरच्या खलाशांनीच पैसे घालून त्याचा दगड केला, अनोळखी मूल म्हणून. नव्वद वर्षांनी डीएनए करून एक नाव काढलं, ते चुकीचं निघालं, मग २००७ मध्ये कळलं की ते सिडनी गुडविन, १९ महिन्यांचं. आईबाप, भावंडं सगळं घरच गेलेलं. तर काका, नाव नंतरही सापडतं. दगड आधी बसला म्हणून काही बिघडत नाही.

टिळकवाडीचा_नास्तिक
मी भावाच्या बाजूनं. स्मारक म्हणजे जागा. जागेचा संबंध नसेल तर ते देवघर होतं. आणि खरं सांगू का, साउदम्प्टनवाल्यांनी जे केलं ते श्रीमंत कंपनी, श्रीमंत प्रवासी, पेपरात गाजलेली बोट म्हणून झालं. रामदासमध्ये गरीब माणसं होती, कोळी, गिरणीकामगार, बाजाराला आलेल्या बाया. महिन्यात स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली, कुणाला आठवण राहणार. शेतात एक दगड लावून हे भरून येत नाही. सरकारकडं मागा, भाऊच्या धक्क्यावर.

गणपतगल्लीकर
कुठल्या सरकारकडं मागायचं ते पण सांगा नास्तिकराव. आमचं कुठलं ते अजून ठरायचं आहे.

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, ४१२ प्रतिसाद झालेत, तिकडं जावे. 🙏

गणपतगल्लीकर
गेलो होतो. तिथं हितं पाठवलं.

दगडधोंडे
टिळकवाडीकर म्हणतात स्मारक म्हणजे जागा. आपल्याच मुलखात याच्या उलट पुरावा पडलाय. वीरगळ बघा, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. माणूस लढला कुठं, मेला कुठं, आणि दगड कुठं? बहुतेक वेळा त्याच्या गावच्या वेशीवर नाहीतर देवळापाशी.

आणि बोटीचे वीरगळही आहेत बरं का. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर गावात वीरगळ आहेत, त्यावर चक्क वल्ह्यांची जहाजं कोरलीत, खाली जहाजं रांगेनं चाललीत, मधे मारामारी, वर कैलास. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली तेराव्या शतकातली आरमारी लढाई ती, असं अभ्यासक मानतात. सोमेश्वर त्यात बुडून मेला. गोव्याला जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये कदंबांच्या काळातला जहाजवाला वीरगळ आहे. आणि हे गोव्याचे कदंब कोण? त्यांची दुसरी राजधानी आपली हलशी, काकांच्या शेताच्या तालुक्यात! भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायला जातो ते हलशी. म्हणजे डोंगरात राहून समुद्रावर मेलेल्या माणसांची आठवण ठेवायची पद्धत हितं काय नवीन नाही काका. हजार वर्षांची आहे म्हणा.

मी असतो तर तीन टप्प्यांचा वीरगळच करून घेतला असता. खाली बोट, मधे अप्सरा घेऊन चालल्यात, वर आजोबा शिवलिंगापुढं बसलेत.

कुंदा_नको_मांडे_हवे
अप्सरा? आजी बारा वर्षं कुंकू लावून वाट बघत होती आणि तुम्ही दगडावर अप्सरा कोरणार व्हय. आजीचा पायरीवरचा दिवा कोरा त्यापेक्षा.

दगडधोंडे
😄 बरोबर आहे ताई. अप्सरा कॅन्सल.

हिरवा_बेरे
मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो, आता कॅम्पात असतो. मराठीत टायपिंग स्लो आहे.

दीवला आयएनएस खुकरीचं स्मारक बघितलं आहे. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं टॉर्पेडो मारून खुकरी बुडवली. १८ ऑफिसर आणि १७६ सेलर. दीवच्या किनाऱ्यापासून साधारण ४० सागरी मैलांवर. स्मारक टेकडीवर आहे, चक्रतीर्थला, काचेच्या घरात बोटीचं मॉडेल आणि समोर समुद्र. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून गेले नाहीत, महावीर चक्र. आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं असं सांगतात. मी सॅल्यूट केला तेव्हा समोर काहीच नव्हतं, पाणीच. सॅल्यूट कुठल्या दिशेला करायचा हे पण एक सेकंद कळलं नाही.

पण शापूरच्या काकांना सांगतो, त्या १९४ जणांची घरं दीवला नाहीत. केरळ, पंजाब, यूपी, आपला महाराष्ट्र. त्यांच्या बायका दीवला किती वेळा गेल्या असतील? स्मारक सरकारचं तिथं, आणि घरचं घरी. दोन्ही लागतात. आमच्या सेंटरला युद्धस्मारक आहे तरी प्रत्येक शहीद जवानाच्या गावात वेगळा चबुतरा असतोच की.

टिळकवाडीचा_नास्तिक
सुभेदार साहेब, तुमचा मुद्दा मान्य. पण फौजेत नावांची यादी असते. रामदासची सगळी यादी आहे का कुणाकडं? तिकीट काढलेले किती आणि विनातिकीट किती, हेच तेव्हापासून वेगवेगळं सांगतात.

कारवारी_बांगडा
यादीवरून आठवलं. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं घर आहे, इंडियन सेलर्स होम, तिथं पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातले सहा हजारांवर. जास्त करून मालवाहू बोटीवरचे आगवाले, भांडारी, सुकाणी. ज्यांची कबर समुद्र आहे ते लोक. माझे मामा मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी मला लहानपणी तिथं नेलं होतं. मला काय कळतंय, मी बाहेर भेळ मागत होतो. मामा आत टोपी काढून उभे राहिलेले एवढं आठवतंय.

आणि टिलावा ऐकलंय का कुणी? २३ नोव्हेंबर १९४२. मुंबईहून आफ्रिकेला चाललेली प्रवासी बोट, जपानी पाणबुडीनं बुडवली, २८० माणसं गेली. त्यावर ऐंशी वर्षं कोण काय बोललंच नाही. मग मेलेल्यांच्या आणि वाचलेल्यांच्या नातवंडांनी एकमेकांना शोधून काढलं आणि २०२२ ला मुंबईत श्रद्धांजलीचा कार्यक्रम केला. सरकारनं आधी केलं नाही हं, नातवंडांनी केलं. नास्तिकराव, हे लक्षात घ्या.

बाकी बेळगावकरांना समुद्राशी काय देणंघेणं असं म्हणणाऱ्यांनी जुन्या माणसांना विचारा. पूर्वी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्लं. मुंबईला जायचं तर गाडीनं आंबोली घाट उतरायचा आणि वेंगुर्ल्याला आगबोट धरायची. तुमच्या आजोबांनी पण तसंच केलं असंल कधीतरी.

शापूरचा_म्हातारा
होय की ओ! आत्या सांगते, आजोबा मुंबईहून पहिल्यांदा आले ते वेंगुर्ल्यावरूनच, आणि घरात येऊन आंघोळ केली तरी दोन दिवस "जमीन हालालीय" म्हणत होते.

सगळ्यांचे आभार. अनगोळच्या लेकीचं नंबरवालं वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

नातू_नंबर_१
माझ्या माहितीप्रमाणे रामदास बोटीच्या कंपनीला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे, कोकणच्या लोकांनी विलायती कंपनीच्या विरोधात उभी केली होती. म्हणून बोटींना संतांची नावं. रामदास, तुकाराम, आणि गोव्याच्या प्रवाशांसाठी सेंट अँथनी वगैरे.

गणपतगल्लीकर
तुकारामाची गाथा तरली होती, एवढं लक्षात ठेवायचं होतं नाव ठेवताना.

कुंदा_नको_मांडे_हवे
गणप्या, सगळीकडं जोक नको मारूस.

गणपतगल्लीकर
सॉरी काका. 🙏 तुकाराम नावाची बोट पण १९२७ ला बुडाली असं आत्ताच वाचलं, त्यामुळं आता मलाच कसंतरी होतंय.

राजकोटचा_पाहुणा
मूळचा निपाणीचा, तंबाखूच्या धंद्यापायी वीस वर्षं गुजरातेत. इथं १८८८ ची वैतरणा बोट, जिला लोक वीजळी म्हणतात कारण तिच्यावर विजेचे दिवे होते. कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली, पोरबंदरजवळून पुढं गेली आणि वादळात गायब. बोटीचा तुकडा सापडला नाही, माणूस सापडला नाही. त्यात लग्नाची वऱ्हाडं होती आणि मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला चाललेली पोरं. तिच्यावर लोकगीत आहे, हाजी कासमची वीजळी म्हणून, आणि आजपण म्हातारी माणसं ते म्हणतात. माझ्या दुकानातला हिशेबनीस सत्तर वर्षांचा आहे, त्याला मी नुसतं 'वीजळी' म्हटलं आणि त्यानं लेखणी खाली ठेवून चार ओळी म्हटल्या, मग नाक पुसलं आणि परत हिशेब. दगड कशाला पाहिजे? गाणं पाहिजे.

दगडधोंडे
गाणं करणारा पाहिजे की मग. दगडाला पाथरवट पुरतो.

कृष्णाकाठ
मी चिकोडी तालुक्यातली, नदीकाठचं गाव. हे सगळं मोठमोठ्या बोटींचं चाललंय तर आमच्या होडीचं सांगते. कुठल्या पेपरात नसंल.

पूल व्हायच्या आधी आमच्याकडं पलीकडच्या बाजाराला नावेतून जायचं. माझी आई लहान असतानाची गोष्ट, श्रावणात पाणी चढलेलं, नाव भरून चाललेली आणि मधे वळशात सापडली. आमच्या गावच्या बायका होत्या जास्त, बाजाराला लोणी, अंडी घेऊन चाललेल्या. नावाडी वाचला. तो आयुष्यभर कुणाशी बोलला नाही असं म्हणत नाही मी, बोलायचा, हसायचा, तमाशाला पण जायचा. फक्त त्यानं घाटावर एक धोंडा आणून ठेवला. नाव नाही गाव नाही, काय कोरलेलं नाही. आणि त्या दिवसापासून सकाळची पहिली फेरी मारायच्या आधी त्या धोंड्यावर वल्ह्यानं पाणी घालायचा. तो गेल्यावर त्याचा पोरगा घालायचा. मग पूल झाला आणि नाव बंद पडली.

आता गंमत सांगते. आता तिथं शेंदूर आहे, छोटी शेड आहे, आणि लोक त्याला कुठली तरी देवी म्हणून नवस बोलतात. पोरांना विचारलं तर म्हणतात जागृत आहे. कुणाला त्या बायकांचं माहीत नाही. माझ्या आईची चुलती होती त्यात, तिचं नाव फक्त आईला ठाऊक होतं आणि आता मला. गंगव्वा. सगळ्या मिळून देवी झाल्या ते चांगलं का वाईट ते मला अजून ठरवता येत नाही. पण काका, तुम्ही नाव कोरा. नाव नसलं की दगडाचं काय पण होतं.

शापूरचा_म्हातारा
ताई, तुमचं तीनदा वाचलं. काय बोलू.

हिरवा_बेरे
गंगव्वा यांना सलाम.

टिळकवाडीचा_नास्तिक
कृष्णाकाठ, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. मी माझं मत थोडं बदलतोय, पूर्ण नाही. नावाचं पटलं. बेलफास्टला टायटॅनिकचं जे जुनं स्मारक आहे, १९२० चं, त्यावर फक्त त्या गावच्या माणसांची २२ नावं होती, आणि सगळ्यात वर बोटीचा डिझायनर थॉमस अँड्र्यूज. म्हणजे मेल्यावर पण हुद्दा. शेवटी शंभर वर्षं झाल्यावर, २०१२ ला, शेजारी बाग करून सगळी १५१२ नावं लावली आणि ती अक्षरवारीनं. कोळसेवाला आणि करोडपती एका ओळीत. याला म्हणायचं स्मारक.

आणि तुम्हाला आपल्यासारखं काहीतरी पाहिजे असेल तर तेच जुनं स्मारक रस्त्याच्या मधे होतं, ट्रॅफिकला अडचण होते म्हणून उचलून बाजूला नेलं.

गणपतगल्लीकर
म्हणजे आपल्या सर्कलमधल्या पुतळ्यांना भविष्य आहे.

अनगोळची_लेक
पाटीवरून अजून एक. टायटॅनिकच्या कॅप्टन स्मिथचा पुतळा इंग्लंडमध्ये लिचफिल्ड नावाच्या गावात आहे, १९१४ चा. त्याचा जन्म त्या गावातला नाही, हॅनलीचा. आणि पुतळ्याखालच्या मूळ पाटीवर टायटॅनिकचा उल्लेखच नव्हता! नंतर वेगळी पाटी लावली. पुढं हॅनलीवाले म्हणायला लागले पुतळा आमचा, आम्हाला द्या.

गणपतगल्लीकर
पाटीवरून भांडण, पुतळा कुणाचा यावरून भांडण. लिचफिल्ड बेळगाव जिल्ह्यात येतंय काय बघा जरा.

संपादक_मंडळ
गणपतगल्लीकर, ही शेवटची ताकीद. (हसू आलं तरी.)

बँडमास्तरचा_पोरगा
माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, वडगावला आमचं घर. म्हणून बँडवाल्यांबद्दल मी जरा जास्त वाचलंय. टायटॅनिकवर आठ वाजवणारे होते, सगळे गेले. बोट बुडेपर्यंत वाजवत होते. त्यांचा मुख्य वॉलेस हार्टली, त्याचं प्रेत सापडलं, त्याच्या गावात कोल्नला अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. आणि त्यातल्या एका एकवीस वर्षांच्या व्हायोलिनवाल्याच्या बापाला एजन्सीनं पोराच्या युनिफॉर्मचं बिल पाठवलं, बोट बुडून पंधरा दिवस झाल्यावर! हे वाचलं तेव्हा वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले त्यात काय नवीन, आमचा पण कोट मालकाचाच असायचा, फाटला की पगारातून कापायचे.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काकांच्या भावाला सांगा, ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल नावाचं खाणींचं गाव आहे. चारी बाजूला वाळवंट, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्या गावातला एकही माणूस बोटीवर नव्हता. तरी १९१३ मध्ये तिथल्या लोकांनी बागेत टायटॅनिकच्या वादकांसाठी दगडी स्तंभ उभा केला, वरनं मोडल्यासारखा. का? कारण गावातल्या बँडवाल्यांना वाटलं हे आपले. वाजवणाऱ्यानं वाजवणाऱ्यासाठी केलं. समुद्राचा काय संबंध?

येडं दिसंल म्हणाले ना तुमचे भाऊ? शंभर वर्षं झाली, अजून उभं आहे ते येडं.

शापूरचा_म्हातारा
भावाला हे दाखवलं. पंधरा मिनिटं काय बोलला नाही. मग म्हणाला, "ते खाणवाले होते, दगड फुकटात मिळाला असंल." पण आवाज नरम होता.

दगडधोंडे
😂 म्हणजे काम झालं. आता दगड कुठला ते बोला. खानापूरकडचा काळा पाषाण घ्या, पावसाला टिकतो. गोकाकचा गुलाबी दिसायला छान पण तिकडच्या पावसात अक्षरं झिजतील असं वाटतं. अक्षर खोल कोरून घ्या, निदान बोटाचं पेर आत गेलं पाहिजे. रंग भरू नका, दोन वर्षांत उडतो आणि मग कळकट दिसतं.

कुंदा_नको_मांडे_हवे
लिपी कुठली?

संपादक_मंडळ
ताई, नको ना.

कुंदा_नको_मांडे_हवे
भांडण काढत नाही ओ. खरंच विचारालेय. माझी नातवंडं कन्नड आणि इंग्लिश मिडियमला आहेत, देवनागरी अडखळत वाचतात. काकांच्या शेतात काम करणारी माणसं कन्नड वाचणारी असतील. मराठीत तर लिहाच, पण शेजारी कन्नडमध्ये पण लिहिलं तर येणारा-जाणारा वाचंल तरी. नाहीतर कृष्णाकाठ ताईंच्या धोंड्यासारखं व्हायचं, शेंदूर लावून मोकळे.

हिरवा_बेरे
पटलं. आमच्या पलटणीत अर्धे कोल्हापूर-सातारचे, अर्धे बेळगाव-धारवाडचे. कुठली भाषा आधी म्हणून लढाई थांबली नव्हती.

राजकोटचा_पाहुणा
एक व्यवहाराचं. शेताच्या बांधावर पक्कं बांधकाम नको, पुढं वाटणी किंवा विक्री झाली तर नवा मालक पहिल्यांदा तेच काढतो. विहिरीजवळ नाहीतर घरासमोर ठेवा. नाहीतर देवळाच्या आवारात पंचांना विचारून.

कृष्णाकाठ
विहिरीजवळ छान. पाणी घालायला कुणीतरी येतंच.

अनगोळची_लेक
आयर्लंडमध्ये एका लहान खेड्यातनं १४ जण टायटॅनिकवर गेले होते, ११ बुडाले. तिथं दरवर्षी १५ एप्रिलला बोट बुडाली त्या वेळेला पहाटे चर्चची घंटा वाजवतात. काका, तुमचं तर ठरलेलंच आहे, आवसेचा दिवा. दगडाला दिव्यापुरता एक कोनाडा ठेवायला सांगा पाथरवटाला. वारा लागणार नाही असा, आंबोलीच्या बाजूला तोंड करून.

शापूरचा_म्हातारा
कोनाड्याचं एकदम पटलं. आज पाथरवटाकडं जाऊन आल्लो. काळा दगड, अडीच फूट, विहिरीच्या कट्ट्याला लागून. मराठी आणि खाली कन्नड. अक्षरावर पैसे घेतो तो, म्हणून भाऊ म्हणाला तारीख आकड्यात घाला. म्हणजे तोपण आता आमच्यात आलाय.

एक अडचण मात्र आली आणि ती तुमच्यापुढं ठेवतो. मजकूर ठरवायला आत्याकडं बसलो होतो. आत्या ८३ वर्षांची आहे, तेव्हा पाच वर्षांची होती. ती म्हणाली एकट्या बाबांचं नाव घालणार काय? त्यांना घेऊन गेलेला तो दोस्त पण परत आला नाही की. आजी त्या दोस्तावर आयुष्यभर चिडून होती, ह्यानं नेलं म्हणून, त्यामुळं घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही. पण आत्या म्हणते तो आमच्याकडं एकदा आला होता, गणपतीला, आणि त्यानं तिला सुक्या बोंबलाचा वास असलेल्या पिशवीतनं लाकडाची बाहुली काढून दिली होती. ती बाहुली आजीनं चुलीत घातली.

तर त्याचं पण नाव कोरायचं असं ठरलं. पण नाव काय? आत्याला फक्त "बाळू" आठवतंय. आडनाव नाही. गाव रेवसपासून चालत जायचं इतकंच.

गणपतगल्लीकर
काका मी जोक नाही मारत आता. माझा एक साडू पेणला आहे, त्या भागात फिरतीवर असतो. त्याला सांगतो. गिरणी कुठली होती ते कळंल काय?

कारवारी_बांगडा
मामांच्या ओळखीचे मांडव्याकडचे कोळी लोक आहेत. त्या दिवशी मासे घेऊन मुंबईकडं चाललेल्या तिकडच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून माणसं होड्यांत घेतली होती, ही गोष्ट तिथं अजून सांगतात. म्हातारं कुणी असलं तर विचारतो. पण बाळू म्हणजे तिकडं घरटी एक आहे काका.

दगडधोंडे
पाथरवटाला सांगून दुसरी ओळ अर्धी मोकळी सोडा. नंतर कोरता येतं, दगड जाग्यावर असतानासुद्धा.

शापूरचा_म्हातारा
गिरणी परळची, नाव आत्याला येत नाही. आणि तो डाव्या हातानं जेवायचा, म्हणून आजीनं वाढताना तोंड वाकडं केलेलं आत्यानं बघितलंय. एवढंच आहे. पाथरवटाला "बाळू" पर्यंत कोरायला सांगितलंय, पुढं जागा सोडलीय.